आमच्या तालुक्याच्या नावात कंस आहे

प्रति,
अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
संगणकशास्त्र अभ्यास मंडळ,
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड.



हे पत्र बंद पाकिटातूनही पाठवता आलं असतं. पण ज्यांनी ते वाचावं असं वाटतं ते सगळे एका टेबलाभोवती बसत नाहीत. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांत पहिल्या वर्षाला सी शिकवणारे, प्रॅक्टिकलच्या वहीवर सह्या करणारे, तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे, अशा सगळ्यांच्या कानावर हे जावं म्हणून उघड लिहितोय. मागणं एकच आहे. सीच्या प्रोग्राममधली स्ट्रिंग दुसऱ्या कुणाच्या हवाली करताना ती कोटात कशी घालायची आणि तिच्यातली अडचणीची चिन्हं कशी एस्केप करायची, म्हणजे त्यांचा खास अर्थ कसा काढून घ्यायचा, हे पहिल्याच वर्षी, स्ट्रिंगच्याच धड्यात शिकवा.

यात काय मोठंसं, असं वाटेल. म्हणून आधी आमचं गाऱ्हाणं ऐका.

जनगणनेच्या यादीत आमच्या तालुक्याचं नाव 'नायगाव (खैरगाव)' असं आहे. महाराष्ट्रात नायगावं पुष्कळ. सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यात, एक वसईला, एक मुंबईत दादरजवळ. त्यामुळे माणसाला तो कंस उपयोगाचाच आहे. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके. माहूर, किनवटपासून मुखेड, देगलूरपर्यंत १५ तालुक्यांच्या नावात कंस नाही, एकट्या आमच्याच नावात आहे.

मागे एका संस्थेचा तालुकावार अहवाल काढणारा प्रोग्राम पाहायला मिळाला. संस्थेचं नाव कशाला घ्या. असे प्रोग्राम गल्लोगल्ली आहेत. काम साधं होतं: यादीतून तालुक्याचं नाव वाचायचं, त्या नावाचं फोल्डर करायचं, आत अहवालाची फाइल टाकायची. लिहिणाऱ्याने 'एसप्रिंटएफ' वापरून 'एमकेडिर' या आज्ञेपुढे तालुक्याचं नाव चिकटवलं आणि तयार झालेली ओळ 'सिस्टिम' या फंक्शनच्या हाती दिली. १५ फोल्डर झाले. सोळाव्याला, ती ओळ चालवणाऱ्या शेलने तोंड वाकडं केलं: सिंटॅक्स एरर, ( अनएक्स्पेक्टेड. आता शेलचं तरी काय चुकलं? त्याच्या व्याकरणात कंसाला स्वतःचा अर्थ आहे. समोर आलेल्या ओळीतला कोणता भाग आज्ञा आणि कोणता भाग गावाचं नाव, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. दुरुस्ती काय झाली असेल? यादीतून कंस काढून टाकला. 'नायगाव' एवढंच ठेवलं. फोल्डर झालं, अहवाल निघाला, सगळे खूश. मग वरच्या कार्यालयाच्या यादीशी ताळा घालायची वेळ आली. तिथे नाव कंसासकट, इथे कंसाशिवाय. दोन्ही जुळेनात, आणि पूर्ण तालुका 'माहिती अप्राप्त' या रकान्यात जाऊन बसला.

म्हणजे प्रोग्राम चुकला आणि नाव बदललं. हे वरचेवर होतं, म्हणून तर हे पत्र. वसईकडे आणि गोव्यात डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही नावं इंग्रजीत लिहिताना 'डी'नंतर वर एक ' येतो. तो डेटाबेसला खपला नाही की फॉर्मवर सूचना येते: 'नावात विशेष चिन्हे वापरू नयेत.' त्या माणसाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ते चिन्ह आहे, मग विशेष कसलं? पहिल्या वर्षाला 'एसप्रिंटएफ' शिकलेल्या आणि पुढचं काही न शिकलेल्या कुणा मुलाने ते विशेष ठरवलं.

शिकवताना हा विषय हॅकरच्या गोष्टीने सुरू करण्याची पद्धत आहे. कुणी दुष्ट माणूस नावाच्या जागी आज्ञा लिहितो आणि टेबल उडवतो. गोष्ट खरी आहे, आणि तिला इतिहासही आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर सुटलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने जे दरवाजे वापरले त्यांतला एक 'गेट्स' या फंक्शनने उघडा ठेवलेला होता. ते फंक्शन समोरून किती अक्षरं येताहेत हे मोजतच नाही. २०११ च्या सी मानकातून ते काढूनच टाकलं. पण नायगावच्या पोराला हॅकर कधी भेटत नाही, म्हणून त्याला हा धडा परका वाटतो. त्याला कंस भेटतो. गट क्रमांक ४५/१/अ भेटतो. 'अँड'च्या जागी & लावलेली दुकानाची पाटी भेटते. '३३% नुकसान' भेटतं. यातलं एकही चिन्ह कुणी वाईट हेतूने लिहिलेलं नाही.

आता जरा बारीक पाहू, कारण मोजल्याशिवाय या धड्यात काही हाती लागत नाही.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना-मात्रासुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. 'नायगाव' म्हणजे न, काना, य, ग, काना, व: ६ चिन्हं, १८ बाइट. 'खैरगाव' म्हणजे ख, दोन मात्रांचं एकच चिन्ह, र, ग, काना, व: पुन्हा १८. मधली मोकळी जागा १, दोन कंस २. एकूण ३९. शेवटचा शून्य बाइट धरून ४०. कुणी ४० चा अ‍ॅरे घेतला असेल तर नाव त्यात असं चपखल बसतं की घेणाऱ्याला वाटावं आपण मोजूनच घेतलाय. आता शेलसाठी दोन्ही बाजूंनी सिंगल कोट लावा. ४२ झाले. अ‍ॅरे फुटला. म्हणजे एस्केप करायला गेलो आणि बफर ओव्हरफ्लो करून बसलो. सीमध्ये हे दोन धडे वेगवेगळे शिकवता येत नाहीत ते यामुळे: कोट लावला की स्ट्रिंग वाढते, आणि वाढलेल्या स्ट्रिंगला जागा देणं सीमध्ये तुमच्याच गळ्यात असतं.

किती वाढते? शेलमध्ये सिंगल कोटांच्या आत सगळी चिन्हं गप्प बसतात. कंस, डॉलर, अर्धविराम, कशालाच अर्थ उरत नाही. फक्त खुद्द सिंगल कोट आत मावत नाही. तो आला की कोट बंद करायचा, बॅकस्लॅश लावून एक कोट बाहेर लिहायचा, पुन्हा कोट उघडायचा: '\''. एका चिन्हाची चार झाली. तेव्हा मूळ लांबी न असेल तर वाईटात वाईट ४न, वर बाहेरचे दोन कोट आणि शेवटचा शून्य: ४न + ३. डिसोझांच्या इंग्रजी नावाचे ७ बाइट कोटांसकट १२ होतात, शून्य धरून १३. एसक्यूएलमध्ये एका चिन्हाची जास्तीत जास्त दोन होतात, म्हणून मायएसक्यूएलचं एस्केप करणारं फंक्शन २न + १ एवढी जागा मागतं. जेसनमध्ये अदृश्य नियंत्रण-चिन्हाचे ६ बाइट होतात. हे तीन आकडे विद्यार्थ्याने स्वतः काढले पाहिजेत. घोकून उपयोग नाही. तीन चिन्हांची स्ट्रिंग घेऊन कागदावर वाढवून बघितली की डोक्यात बसतात.

'मग एसएनप्रिंटएफ वापरा की, ते जागेपलीकडे लिहीत नाही,' असं कुणी म्हणेल. १९९९ च्या मानकापासून ते सीमध्ये आहे आणि वापरायलाच हवं. पण त्याचा पुढचा अर्धा भाग शिकवायचा राहून जातो. ३२ चा बफर देऊन आमच्या तालुक्याचं नाव टाका. ३१ बाइट लिहिले जातील: 'नायगाव (खैर', आणि त्यापुढे 'ग'चे तीनपैकी दोनच बाइट. पडद्यावर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. कोट आधी लावलेला असेल तर शेवटचा कोट कापला जातो, आणि शेल म्हणतो, कोट उघडलाय पण बंद कुठे केलाय? 'एसएनप्रिंटएफ' आपल्याला आकडा परत देतं: एकूण किती बाइट लागले असते. आपल्या उदाहरणात ३९. तो आकडा बफरच्या मापाइतका किंवा त्याहून मोठा असेल तर स्ट्रिंग तुटली आहे, आणि तुटकी स्ट्रिंग पुढे पाठवायची नसते. हा आकडा न तपासणारा प्रोग्राम प्रॅक्टिकलला नापास करावा, इतकं माझं मत कडक आहे.

एवढं सगळं सांगून मी आता उलटं बोलणार आहे. फोल्डर करण्यासाठी शेलला बोलवायचंच कशाला? लिनक्सवर 'एमकेडिर' नावाचं फंक्शन सीमधूनच हाक मारता येतं. त्याला नाव द्या, ते फोल्डर करतं. मध्ये शेल नाही, म्हणून कंसाला अर्थ नाही, म्हणून एस्केपची गरज नाही. दुसरा प्रोग्राम चालवायचा असेल तर 'फोर्क' आणि 'एक्झेक' कुळातली फंक्शनं आहेत. त्यांना आज्ञा वेगळी आणि प्रत्येक नाव वेगळं द्यायचं असतं, चिकटवायचंच नसतं. डेटाबेसकडे जायचं तर आधी क्वेरी तयार करायची, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नाव मागाहून बांधायचं. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये बसलेल्या एसक्यूलाइटमध्ये यासाठीच 'बाइंड'ची फंक्शनं आहेत. हा रस्ता मोकळा असेल तिथे एस्केप करत बसणं म्हणजे उगाच हौस. एस्केप ठेवायचं ते जिथे दुसरा मार्गच नाही तिथे: दुसऱ्याने वाचायची लॉग-फाइल, सीएसव्ही, जेसन, एचटीएमएलचं पान. शिकवताना हा क्रम उलटा होऊ नये. चिकटवू नका, हे आधी. चिकटवावंच लागलं तर कसं, हे नंतर.

स्लॅशची गोष्ट मात्र निराळी. सातबारा म्हणजे ७/१२. त्याच नावाची फाइल करायला जा, लिनक्स '७' नावाच्या फोल्डरमध्ये '१२' शोधायला निघतं. इथे कोट लावून काही होत नाही, एस्केपची सोयच नाही. फाइलच्या नावात स्लॅश चालत नाही म्हणजे चालत नाही. मग नाव दुसऱ्या रूपात लिहावं लागतं, आणि ते असं की परत मूळ रूपात आणता यावं. स्लॅशच्या जागी सरळ आडवी रेघ टाकणारे पुष्कळ भेटतात. आणि गट क्रमांकात आधीच आडवी रेघ असेल तर? ४५-१ आणि ४५/१ एकाच फाइलवर येऊन आदळतात, मागून आलेला पहिल्याला पुसतो. शेतकऱ्याचा कागद असा हरवला तर तो कुणी चोरला म्हणायचं?

आता सगळ्यात जास्त दिसणारा घोळ: एस्केप कधी करायचं. बहुतेक जण नाव आत आलं की लगेच करून ठेवतात, आणि एस्केप केलेलंच साठवतात. मोंढ्यात माल कुठे जायचाय त्यावर बारदाना ठरतो, आणि काट्यावर बारदान्याचं वजन वजा होतं. बारदान्यासकटचं वजन कुणी मालाचं वजन म्हणून चढवत नाही. स्ट्रिंगचं तसंच आहे. आत साठवायची ती जशीच्या तशी, कंसासकट, कोटासकट. बाहेर पडताना, ज्या दारातून जायची त्या दाराच्या नियमाने, एकदाच एस्केप करायची. शेलचा नियम एसक्यूएलला चालत नाही, एसक्यूएलचा एचटीएमएलला चालत नाही, आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत सिंगल कोटला काडीची किंमत नाही. दोनदा एस्केप केलेली नावं तुम्हीही पाहिली असतील: डिसोझांच्या नावात कोटाआधी एक बॅकस्लॅश छापून आलेला, नाहीतर दुकानाच्या नावात & नंतर 'एएमपी;' ही शेपूट. यंत्राचं आतलं बोलणं गिऱ्हाइकाच्या पावतीवर आलेलं असतं.

इथवरचं कुठल्याही चांगल्या इंग्रजी पुस्तकात सापडेल. पुढचं सापडणार नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या नावात मात्रा नसतात.

सीमधला 'कॅर' हा प्रकार ऋण आकडे धरतो की नाही, हे मानकाने कंपायलरवर सोडलं आहे. आपल्या लॅबमधल्या नेहमीच्या पीसीवर तो धरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४. तो अशा 'कॅर'मध्ये गेला की उणे ३२ होतो. आता जेसनसाठी एस्केप करणारं साधं फंक्शन घ्या, विद्यार्थी लिहितात तसं: बाइट ३२ पेक्षा लहान असेल तर ते नियंत्रण-चिन्ह, त्याचा हेक्स आकडा चार घरांत छापा. उणे ३२ हे ३२ पेक्षा लहानच की! म्हणजे 'नायगाव'चे अठराच्या अठरा बाइट नियंत्रण-चिन्हं ठरले. आणि छापताना उणे आकडा पसरतो: चार घरांऐवजी आठ घरं येतात, आधी सहा वेळा एफ, मग ई आणि शून्य. एका बाइटचे ६ होतील असं धरून घेतलेल्या बफरमध्ये १० घुसतात. इंग्रजी नावावर हजार वेळा चाचणी घेतली तरी हे फंक्शन बिनचूक चालेल. 'नायगाव' टाकलं की पहिल्याच बाइटला पाय घसरतो. उपाय एका शब्दाचा: तुलना करण्याआधी 'अनसाइन्ड कॅर' करा. अक्षर आहे की अंक हे विचारणाऱ्या 'इझअल्फा', 'इझप्रिंट' या फंक्शनांनाही तीच अट आहे. ऋण बाइट तसाच दिला तर काय होईल याची मानक हमी देत नाही.

त्या मानाने यूटीएफ-८ ने आपल्यावर उपकार केले आहेत. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये ती रचना ठरवली, तेव्हाच एक गोष्ट पक्की केली: एकाहून जास्त बाइट घेणाऱ्या चिन्हाचा एकही बाइट १२८ च्या खाली येणार नाही. म्हणजे देवनागरी मजकुराच्या पोटात कोट किंवा बॅकस्लॅश लपून बसू शकत नाही. एकेक बाइट बघत जाणारं एस्केपचं फंक्शन मराठीवर बिनघोर चालतं.

पण आपल्याकडच्या सगळ्याच फायली युनिकोडमध्ये कुठे आहेत? टायपिंग सेंटरांतून, छापखान्यांतून आणि जुन्या दप्तरांतून आलेल्या कितीतरी फायली कृतीदेवसारख्या टंकांत आहेत. त्या टंकांत देवनागरी ही नुसती पडद्यावरची सजावट. आत बसलेले बाइट इंग्रजी कळांचेच. कृतीदेवमध्ये 'य' म्हणजे अर्धविराम. मग 'नायगाव' आत कसं साठतं? यू, के, ;, एक्स, के, ओ. शेलला अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, दुसरी सुरू. 'एमकेडिर'पुढे हे चिकटवा: पहिल्या दोन अक्षरांचं एक फोल्डर होतं आणि उरलेल्या तीन अक्षरांची आज्ञा शोधायला शेल निघतो. 'श' म्हणजे सिंगल कोट आणि के, तेव्हा 'शेतकरी' हा शब्द सुरूच कोटाने होतो. आणि 'कृषी'? डी, मग बॅकटिक, मग डबल कोट, मग के आणि एच. बॅकटिक म्हणजे पुढचं आज्ञा म्हणून चालवा, असा शेलला थेट हुकूम. 'ढ' म्हणजे < आणि 'झ' म्हणजे >. जुन्या फायलीतल्या या शब्दांना कुणा हॅकरचा हात लागलेला नाही. कारकुनाने सरळ मनाने टाइप केलेला शेतकऱ्यांच्या यादीचा मथळा आहे तो. हे उदाहरण वर्गात दाखवून पाहा. एस्केप कशासाठी, हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारणार नाही.

टक्क्याचंही सांगायला हवं. पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालं तर सरकारी मदत मिळते. ही अट २०१५ मध्ये ५० वरून ३३ वर आली. तेव्हा आपल्या भागातल्या कुठल्याही प्रोग्राममध्ये '३३%' हमखास येतं, आणि पुष्कळदा मराठी रोमन अक्षरांत टाइप केलेलं. आता कुणी ही ओळ 'प्रिंटएफ'ला पहिलाच मजकूर म्हणून दिली तर काय होतं पाहा. टक्का, मग मोकळी जागा, मग 'नुकसान'मधला एन. 'प्रिंटएफ'च्या लेखी टक्क्यानंतरची मोकळी जागा म्हणजे फ्लॅग, आणि एन म्हणजे आतापर्यंत किती अक्षरं छापली तो आकडा मी सांगतो त्या पत्त्यावर लिहा. पत्ता तर आपण दिलेलाच नाही. यापुढे काय होईल याची मानकात हमी नाही. प्रोग्राम कोसळला तर नशीबच म्हणायचं, कारण न कोसळता मेमरीत भलतीकडे लिहून तो पुढे चालत राहणं जास्त वाईट. बाहेरून आलेला मजकूर 'प्रिंटएफ'ला दुसऱ्या जागी द्यायचा, पहिल्या जागी '%एस' हा साचा. एवढंच करायचं असतं.

यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' आपल्याकडे घरोघरी आहे. नागपूरच्या माणसाने देशाला सी शिकवलं याचा मला अभिमान आहे. पुस्तकांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते स्ट्रिंगचा धडा पॅलिन्ड्रोम आणि स्वर मोजण्यावर संपवण्याच्या सवयीशी, आणि ती सवय पुण्या-मुंबईतही तेवढीच मुरलेली आहे. 'नयन' उलटं वाचलं तरी 'नयन', हे दाखवून कुणाचं पोट भरलंय? त्यातही सीमध्ये बाइट उलटवले तर 'नयन'चा चक्काचूर होतो, ते वेगळंच.

तुमच्याकडून काय हवंय ते आता नेमकं लिहितो. स्ट्रिंगच्या धड्याला तीन तासिका जोडा: एक मोजण्याची, एक न चिकटवता पाठवण्याची, एक एस्केपची. प्रॅक्टिकलच्या वहीत एक प्रयोग वाढवा: दिलेली स्ट्रिंग शेलसाठी कोटात घालणारं फंक्शन लिहा, लागणारी जागा आधी मोजा, जागा अपुरी पडली तर अर्धवट न लिहिता नकार परत द्या. इनपुट इंग्रजी नावांचं ठेवू नका. औंढा (नागनाथ) द्या, एक रिकामी स्ट्रिंग द्या, आडव्या रेघेने सुरू होणारं फाइलचं नाव द्या. अशा नावाला आज्ञा पर्याय समजून बसतात आणि तिथे कोटही कामाला येत नाही, नावाआधी दोन रेघा टाकाव्या लागतात किंवा './' लावावं लागतं. नुसत्या कोटांनी भरलेली स्ट्रिंग द्या. 'स्ट्रएनकॉपी' सुरक्षित आहे असं सांगणं थांबवा. ते शेवटचा शून्य बाइट लावेलच असं नाही.

लॅबचाही प्रश्न आहे. निळ्या पडद्याचा टर्बो सी अजून पुष्कळ ठिकाणी चालवला जातो. तो गेल्या शतकातला. त्याच्याकडे 'एसएनप्रिंटएफ' नाही आणि यूटीएफ-८ दाखवण्याची सोयही नाही. त्यावर हा धडा शिकवताच येणार नाही. जीसीसी फुकट आहे आणि जुन्या मशिनवरही चालतो. 'वॉल' आणि 'डब्ल्यूफॉरमॅट-सिक्युरिटी' या दोन सूचना लावल्या तर टक्क्याची वर सांगितलेली चूक तो स्वतःच दाखवतो. 'एफसॅनिटाइझ'पुढे 'अ‍ॅड्रेस' लावून बांधलं तर ४० च्या अ‍ॅरेत ४२ भरणारा प्रोग्राम नेमक्या त्या ओळीवर थांबतो. मोबाइलवर फिरणाऱ्या नोट्समधून उचललेला प्रोग्राम बांधताना मुलांना 'स्ट्रे \३४२' असा एरर येतो आणि ती गोंधळतात. तिथे साध्या कोटांच्या जागी छापील वळणाचे कोट आलेले असतात, ते पुसून सरळ कोट टाकायचे. शिक्षकांनी एकदा फळ्यावर लिहून दिलं तर निम्म्या तक्रारी मिटतील.

शेवटची विनंती बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसाठी. तोंडी परीक्षेत 'स्ट्रलेन काय करतं' हे विचारून झाल्यावर मुलाच्याच प्रोग्राममध्ये त्याच्याच गावाचं पूर्ण नाव टाकायला सांगा, सरकारी यादीत छापलंय तसं. नरसी, कुंटूरकडचा मुलगा असेल तर तालुकाही घालायला लावा. प्रोग्राम थांबला तर मुलाला दहा मिनिटं द्या आणि काय बदलतो ते पाहा. प्रोग्राम बदलला तर गुण द्या. नाव बदललं तर देऊ नका.

वहीचा नमुना मंडळाला तयार हवा असेल तर वरच्या इनपुटांसह, उत्तरांसह मी लिहून देतो. मोबदला नको. पुढच्या सत्राची वही छापायला जाण्याआधी कळवलंत तर बरं होईल.

आपला,
नायगाव (खैरगाव) येथील एक प्रोग्रामर